उतारवयांतील एका मिशनरी दाम्पत्याचा आठवडा

परमुलखांत जाऊन धर्मकार्यासाठीं तन, मन व धन वेंचणें ही गोष्ट भोकरदनकरांस अगदींच परकी आहे असें म्हणतां येणार नाहीं. केळना नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील श्रद्धाळू माणसांनीं दिलेल्या देणग्यांची नोंद नर्मदेपलीकडे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आढळते. त्या काळीं ह्या गांवचा हात किती लांबवर पोंचत होता ह्याची साक्ष जमिनींतूनहि निघाली आहे. नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें आणि देव व गुप्ते ह्यांनीं त्याचा वृत्तांत १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष आहे. आणि तिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ति इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत सांपडलेली आहे. व्यापारी आणि भिक्षु एकाच वाटेनें चालत, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे.

पुढें काळाचा ओघ उलट फिरला आणि धर्माचे वाटसरू बाहेरून इकडे येऊं लागले. १८०३ सालीं जवळच असईच्या रणांत वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांचा मोड केला. जालन्यास गोर्‍यांची छावणी पडली. आणि साठ वर्षांच्या आंत त्याच जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचें ठाणें बसलें. मौज अशी कीं तें ठाणें बसविणारा पुरुष स्कॉच नव्हता, तर नारायण शेषाद्रि नांवाचा मराठी ब्राह्मण होता. १८४३ सालीं मुंबईस त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि त्याच वाटेवर होता. परंतु न्यायालयानें त्या अल्पवयी मुलास बापाच्या हवालीं केलें, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन पुनः जातींत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानास केवढा छळ सोसावा लागला, तें वाचकांस ठाऊक असेलच. नारायणरावांनीं जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांजकडून जमीन मिळविली व तेथें बेथेल म्हणजे 'देवाचें घर' ह्या नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. ते विलायतेस व अमेरिकेस जाऊन आले, १८७३ च्या न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेंत बोलले, आणि १८९१ सालीं समुद्रप्रवासांतच निवर्तले.

परंतु आजचा आमचा विषय बेथेल नव्हे. जो परदेशीं जातो त्याचें चरित्र आपण लिहितों. तेथें जाऊन जो राहतो, म्हातारा होतो, आणि ज्याचा सोमवार मागच्या सोमवारासारखाच असतो, त्याच्याविषयीं इतिहास मुका असतो. म्हणून अशा एका दाम्पत्याकडे वळावेंसें वाटतें. त्यासाठीं गोदावरी ओलांडून अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) जावें लागेल.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम ह्यांस 'परदेशी' म्हणावें कीं नाहीं हाच पहिला प्रश्न. ते १८४७ सालीं मुंबईंत जन्मले. बाप अमेरिकन मराठी मिशनचा. हें मिशन म्हणजे १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांनीं मुंबईंत सुरू केलेलें. नगरास त्याचें ठाणें १८३१ त झालें, आणि 'ज्ञानोदय' पत्र १८४२ त तेथेंच निघालें. रॉबर्ट सात वर्षांचा असतां, १८५४ त, बाप प्रकृति ढासळल्यामुळें कुटुंबासह स्वदेशीं निघाला व वाटेंत समुद्रांतच वारला. विधवा आईनें मुलांस अमेरिकेंत वाढविलें. येल येथें शिक्षण घेऊन सत्तावीस वर्षांचे ह्यूम १८७४ सालीं नगरास आले. त्याच वर्षीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली व तींतून मिशनर्‍यांवर कोरडे ओढले जाऊं लागले, हा योग मनोरंजक आहे. मनमाड-दौंड लोहमार्ग होण्यास अजून चार वर्षें होतीं.

त्यांची पहिली पत्नी अ‍ॅबी ही एबेनेझर बर्जेस ह्यांची कन्या. बर्जेस हें नांव आमच्या ज्योतिष्यांस तरी अपरिचित नसावें. हे गृहस्थ नगरच्याच मिशनांत होते. मराठी शाळांसाठीं ज्योतिषाचें पाठ्यपुस्तक लिहावयाचें म्हणून ते सूर्यसिद्धांताकडे वळले, आणि त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८६० सालीं अमेरिकेंत छापून निघालें. निघाले होते शाळेच्या मुलांस ग्रहणें समजावून देण्यास. लाभ झाला पाश्चात्त्य विद्वानांस! अ‍ॅबी १८८१ त वारली. १८८७ त ह्यूम ह्यांनीं दुसरें लग्न केलें तें केटी फेअरबँक हिच्याशीं. तिचे वडील सॅम्युएल फेअरबँक हे नगर जिल्ह्यांतील वडाळें येथें अनेक वर्षें राहून शेतकर्‍यांत वावरलेले. पक्षी व शंखशिंपले ह्यांचे एवढे जाणते कीं पळणी डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव आजहि आहे. त्यांचे सासरे हेन्री बॅलंटाइन, 'ज्ञानोदया'चे आद्य संपादक. तेहि तीस वर्षें नगरास काढून १८६५ त घरीं परततांना वाटेंत समुद्रावरच गेले. ह्या मंडळींच्या वंशवेलींत एक पूर्वज नगरास, एक वडाळ्यास आणि दोन-तीन खार्‍या पाण्यांत असा प्रकार आहे.

ह्या दुसर्‍या विवाहाच्या सुमारास ह्यूमसाहेबांवर जो प्रसंग गुदरला होता तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८८६ सालीं ते रजेवर अमेरिकेंत असतां अँडोव्हरच्या धर्मविद्यालयांत बोलले. ज्यांनीं ख्रिस्ताचें नांव कधीं ऐकलेंच नाहीं अशा माणसांस मरणोत्तर ती संधि मिळत असेल, असें मानण्यास जागा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डांत त्यावरून वादळ उठलें. ही मुभा दिली तर मिशनें चालवावयाचीं कशाला, असा कर्मठांचा सवाल. आणि म्हणून ह्यूम ह्यांस हिंदुस्थानांत परत धाडूं नये असा निर्णय झाला! पुढें १८८७ त तो फिरविण्यांत आला व ते परतले. पण प्रश्न किती खोल होता पाहा. नगरच्या महारवाड्यांतील एखादा नवा ख्रिस्ती मनुष्य विचारी, 'साहेब, माझा बाप मेला तो कोठें गेला?' ह्या प्रश्नास 'नरकांत' असें उत्तर देण्यास ह्यूमसाहेब तयार नव्हते. परमेश्वराविषयींचें हें मत त्यांस ग्रंथांनीं दिलें असेल. पण आम्हांस असें वाटतें कीं तें पेलण्याचें बळ मराठी माणसांच्या सहवासानें दिलें. नोकरी जाण्याची पाळी येऊनहि त्यांनीं तें सोडलें नाहीं, ह्याबद्दल त्यांच्या धर्माशीं ज्यांचें कांहींएक देणेंघेणें नाहीं अशांनींहि त्यांस मान द्यावा.

आतां आठवड्याकडे. मिशनच्या कंपाउंडांतला आठवडा रविवारानें उघडे व रविवारीच मिटे. मराठी ख्रिस्ती मंडळी त्या दिवसास 'शब्बाथ' म्हणत. सकाळीं मंदिरांत मराठी उपासना, दुपारीं शब्बाथशाळा, संध्याकाळीं भजन. सोमवारापासून धर्मविद्यालयाचे तास. हें विद्यालय ह्यूम ह्यांनींच १८७८ त नगरास सुरू केलें, आणि खेड्यांतील मंडळ्यांस लागणारे देशी पाळक तयार करणें हें त्याचें काम. मधल्या वारीं प्रार्थनासभा. आठवड्याच्या शेवटीं खेडोपाड्यांचे शिक्षक व उपदेशक कंपाउंडांत यावयाचे, कामाचा अहवाल द्यावयाचे, अडचणी सांगावयाच्या, पगाराची बाब काढावयाची. आणि टपालाचा दिवस! विलायतेचें टपाल आठवड्यास एकदां निघूं लागल्यापासून गोर्‍या माणसाच्या आठवड्यास एक नवाच खांब लाभला होता. बोर्डास अहवाल, वर्गणीदारांस आभार, आणि सर्वांत शेवटीं, दिवा मालवण्यापूर्वीं, मुलांस पत्र. हिंवाळ्यांत ही चाकोरी मोडे. तंबू व बैलगाडी घेऊन साहेब गांवोगांव हिंडत. उन्हाळ्यांत महाबळेश्वर. बाकी वर्षभर तेंच.

हा आठवडा गांवकर्‍यांच्या आठवड्याशीं जुळत नव्हता, आणि ह्या न जुळण्यांतच आम्हांस इतिहासाचा खरा गाभा दिसतो. वार आपल्यास नवे नाहींत. सूर्यसिद्धांताच्या पहिल्याच अध्यायांत अहर्गणास सातांनीं भागून वाराचा अधिपति काढण्याची रीत आहे, आणि एरणच्या शिलालेखांत, इ. स. ४८४ मध्यें, गुरुवाराचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु आमच्या वारांस देवता होत्या, सुटी नव्हती. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवार तर खंडोबाचा! विश्रांति घ्यावयाची ती अमावास्येस, तीहि बैलांच्या नांवानें. आणि व्यवहाराचा आठवडा फिरे तो बाजाराच्या दिवसाभोंवतीं. 'मागल्या बाजारीं' व 'येत्या बाजारीं' हीच खेड्यांची कालगणना. मीठमिरची, कापड, सोयरिकीच्या गोष्टी, कोर्टकचेरीच्या बातम्या, सारें त्या एका दिवशीं. मिशनर्‍यांनींहि हें लवकरच ओळखलें, आणि उपदेशासाठीं ते बाजार गांठूं लागले. ऐकणारे पुष्कळ असत. मात्र त्यांचें एक लक्ष वांग्यांच्या भावाकडे असे, हेंहि सांगावयास पाहिजे.

खरी अडचण येई ती नव्या ख्रिस्ती माणसास. नगरकडील बहुतेक ख्रिस्ती हे महार-मांग समाजांतून आलेले. महाराच्या वतनी कामास वार माहीत नसे. पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, मेलेलें जनावर, ह्यांपैकीं कांहींहि 'आज शब्बाथ आहे' म्हणून थांबत नाहीं. काम नाकारावें तर बलुतें बुडे. करावें तर मंडळींत बोल लागे. साहेबाचा रविवार त्याच्या पगारानें राखलेला होता, महाराचा रविवार त्यास स्वतःच्या भाकरीनें राखावा लागे. मिशनच्या इतिहासकारांनीं ह्या भेदाकडे द्यावें तितकें लक्ष दिलें नाहीं. सात दिवसांत एक दिवस मनुष्य कोणाचाहि चाकर नसतो, ही कल्पना मात्र ह्या ओढाताणींत रुजली असल्यास नवल नाहीं. तिकडे मुंबईस ज्योतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणीकामगारांसाठीं चळवळ करून १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळविली. त्यांत खंडोबाचा वार हेंहि एक कारण पुढें केलेलें होतें. एकाच वारास दोन देव साह्य झाले म्हणावयाचे.

केटीबाईंचा आठवडा नवर्‍याच्या आठवड्याहून निराळा होता. तो अधिक भरलेला होता असेंच म्हटलें पाहिजे. मिशनच्या जुन्या कागदांत मिशनर्‍यांच्या बायका 'सहायक' ह्या सदरांत मोडत. त्यांना निराळें वेतन नसे. आणि कामें पाहावीं तर मुलींच्या शाळेवर देखरेख, बायबलबाया म्हणून घरोघर जाणार्‍या मराठी स्त्रियांस आठवड्याचा धडा देणें, शिवणकाम, आजार्‍यास औषध, बाळंतिणीची विचारपूस, व दाराशीं बसलेल्या माणसांचें गार्‍हाणें ऐकणें. शिवाय घर. केटी फेअरबँक लग्नापूर्वीं मिशनमध्यें स्वतःच्या हक्कानें काम करणारी शिक्षिका होती; लग्न झालें आणि ती 'मिसेस ह्यूम' झाली. ज्या मिशननें हिंदु स्त्रीच्या दास्याविषयीं इतकें लिहिलें, त्याच्या स्वतःच्या पटावर बायकोचें नांव नवर्‍याच्या नांवामागें झांकलेलें असावें, ही विसंगति त्या काळच्या कोणास फारशी बोंचलेली दिसत नाहीं.

आणि तरी महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाची कथा ह्याच बायकांपासून सुरू होते. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा मुंबईस १८२४ त निघाली. विल्सनसाहेबांची पत्नी मार्गारेट मराठी शिकून सहा वर्षांत अनेक शाळा काढून १८३५ त वारली. नगरास सिंथिया फॅरार हिनें चालविलेल्या शाळा पाहून ज्योतिराव फुले प्रभावित झाले. पुण्यास मिचेलबाईंच्या शाळेशीं सावित्रीबाईंच्या शिक्षणाचा संबंध आहे. केटीबाई त्याच परंपरेंतली. नांवलौकिक तिच्या वांट्यास आला नाहीं, आणि तो आला नाहीं म्हणूनच आम्हांस तिची आठवण ठेवावीशी वाटते.

१८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं आणि मधल्या प्लेगनें ह्या ठराविक आठवड्याच्या चिंधड्या उडविल्या. अमेरिकेंतून धान्य व पैसा आला, त्याच्या वांटपाचा मोठा भार ह्यूम ह्यांवर पडला. अनाथ मुलांचे थवेच्या थवे कंपाउंडांत आले, त्यांस अन्न, मग कपडा, मग हातांस उद्योग देणें आलें. सरकारनें ह्या कामाबद्दल ह्यूम ह्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. दुष्काळाच्या काळांत अन्नाबरोबर धर्महि दिला गेला, आणि पोट भरणारा हात व बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल तर घेणार्‍याची निवड मोकळी राहते काय, हा आक्षेप तेव्हांहि होता, आजहि आहे. आमच्या मतें तो खोटा नाहीं. मात्र त्या वर्षांत आमच्यांतील किती सुखवस्तू घरांचीं दारें त्या मुलांसाठीं उघडलीं, ह्याचाहि हिशेब आक्षेप घेणारानें त्याच वहींत मांडावा.

ह्याच काळांत नारायण वामन टिळक नगरच्या धर्मविद्यालयांत शिकवीत होते. १८९५ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पांच वर्षांनीं लक्ष्मीबाईंनीं. कंपाउंडांतील रोजच्या आयुष्याचें खरें चित्र पाहावयाचें तर ह्या बाईंच्या 'स्मृतिचित्रां'इतकें चांगलें साधन नाहीं. त्यांत साहेब, मडमा, प्लेगच्या झोंपड्या, सोंवळें-ओंवळें व चूल हीं सारीं एकाच सपाटीवर वावरतात. विलायती चालीवरचीं गीतें जाऊन मराठी ख्रिस्ती मंदिरांत अभंग व भजन स्थिरावलें तें मुख्यतः टिळकांमुळें. १९१७ त टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' मांडला. पगारी धर्मसेवेविषयीं एवढा उघड निकाल मिशनमधल्याच एका माणसानें द्यावा, हें त्या कंपाउंडांत राहणार्‍या सत्तरीच्या ह्यूमसाहेबांस कसें वाटलें असेल? त्यांच्या दोन पुस्तकांवरून, १९०५ व १९११ सालच्या, एवढें दिसतें कीं हिंदुस्थानच्या धर्मेतिहासाकडे ते शत्रूच्या नजरेनें पाहत नव्हते. जुन्या मिशनर्‍यांचा 'मूर्तिपूजक अंधारा'चा सूर त्यांत पुष्कळ मावळलेला आहे.

अशा घरांतल्या मुलांची गोष्ट सर्वांत अवघड. सात-आठ वर्षांचीं झालीं कीं त्यांस अमेरिकेस पाठवावयाचें, ही रीतच होती. कोडाईकनालची शाळा १९०१ त निघाली तेव्हां कुठें थोडा आधार झाला. पोर नगरच्या धुळींत मराठी बोलत वाढे, आणि मग दहा-बारा वर्षें आईबापांचे हस्ताक्षर हेंच त्यांचें दर्शन. टपालाच्या दिवसाची ओढ ती ह्यामुळें. खुद्द ह्यूम ह्यांनीं लहानपणीं बाप गमावून हें भोगलेलें होतें, आणि आपल्या मुलांच्या वांट्यासहि तेंच आलें. लोकांच्या मुलांस शिकविण्यासाठीं स्वतःचीं मुलें दूर धाडावयाचीं, ह्यास त्याग म्हणावें कीं निष्ठुरपणा, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. आम्हां शिक्षकी पेशांतल्यांस तर ह्यावर बोलण्याचा अधिकार थोडाच. दुसर्‍यांच्या मुलांचे निबंध तपासतांना स्वतःच्या मुलाचें पाढे पाठ झाले कीं नाहीं हें विचारावयाचें आमच्याहि घरोघर राहून जातें.

बावन्न वर्षांच्या सेवेनंतर, १९२६ त, ह्यूम हिंदुस्थान सोडून अमेरिकेस गेले. 'घरीं परतले' असें त्यांच्या देशच्या लोकांनीं म्हटलें असेल. पण जो मुंबईंत जन्मला, ज्यानें नगरास जन्म काढला, तो एकुणऐंशीव्या वर्षीं कोणत्या घरीं परतला? तिकडेच १९२९ त त्यांचा अंत झाला.

अ‍ॅबीच्या पोटीं १८७७ सालीं नगरास जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट पुढें न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयांत अध्यापक झाला. ज्या आजोबानें सूर्यसिद्धांत इंग्रजींत नेला त्याचा हा नातू. त्यानें तेरा मुख्य उपनिषदांचें भाषांतर केलें आणि तें १९२१ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें काढलें. तेव्हां त्याचे वडील नगरासच होते, चौर्‍याहत्तर वर्षांचे.